वार तुमचा, जखम समोरच्याची

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड, मालवण आणि वेंगुर्ल्याचे चार जण आणि मुंबईला नोकरीला असलेले दोन चाकरमानी, असे सहा जण डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर मराठीत टेक्स्ट रोलप्ले खेळताहेत, म्हणजे प्रत्येक जण एकेक पात्र घेऊन सगळे मिळून लेखी कथा पुढे नेताहेत. कथा 1665 सालच्या मालवण बंदरातली, कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम चालू असतानाची. तीन आठवड्यांत दोन भांडणं झाली. एकीची लाईट गेली, तेवढ्या वेळात दुसऱ्याने तिच्या पात्राला गलबतावरून ढकलून बुडवून टाकलं. दुसरं भांडण असं की दोन पात्रांच्या कथेतल्या वादावरून खेळणाऱ्यांनीच एकमेकांशी बोलणं सोडलं. नियम कोणते ठेवावेत, आणि बुडालेल्या पात्राचं आता काय करावं?

बुडालेल्या पात्राकडे शेवटी येतो, कारण तिला वर काढण्याची रीत बाकीच्या नियमांतूनच निघते.

मूळ नियम एकच आहे. तुमचं पात्र काय करू पाहतं ते तुम्ही लिहायचं, आणि त्याचा माझ्या पात्रावर काय परिणाम झाला ते मी लिहायचं. वार तुमचा, जखम माझी. हा नियम मोडण्याला रोलप्लेवाले गॉडमॉडिंग किंवा पॉवर-इमोटिंग म्हणतात. नाव काहीही द्या, नव्वद टक्के भांडणांच्या मुळाशी हेच असतं, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही.

हे नुसतं लाडावलेपण नाही. मजकुरी जगाची सुरुवात 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांच्या मड या अनेकांनी एकत्र खेळायच्या मजकुरी खेळापासून झाली, आणि तेव्हापासून या खेळात शब्द हेच शरीर आहे. पडद्यावर जे वाक्य उमटलं ते त्या जगात घडलं. 1993 साली लॅम्डामू या मजकुरी जगात एकाने छोटा प्रोग्राम वापरून इतरांच्या पात्रांच्या नावाने लैंगिक आणि हिंसक कृत्यं पडद्यावर उमटवली. कोणाच्या अंगाला हात लागला नव्हता, होती ती फक्त वाक्यं. तरी ज्यांची पात्रं होती त्यांना ते जिव्हारी लागलं. त्या खेळाडूचं पात्र काढून टाकण्यात आलं, आणि लॅम्डामू उभारणाऱ्या पावेल कर्टिस यांनी त्यानंतर सदस्यांना अर्ज करून मतदानाने नियम ठरवता येतील अशी व्यवस्था आणली. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडी आणि अंगी आपली वाक्यं घालणं किती खोल जातं, हे तेव्हाच दिसून आलं होतं.

आता मराठीत हा नियम कसा पाळायचा ते पाहू. आपल्याकडे सगळी मेख क्रियापदात आहे. ही पोझ पाहा (एका खेपेला लिहिलेल्या मजकुराला पोझ म्हणतात):

तुकोजीने खंजीर काढला आणि रघूच्या खांद्यात खुपसला. रघू किंचाळून वाळूत पडला.

इथे रघूला काही उरलंच नाही. ‘काढला’, ‘खुपसला’, ‘पडला’ ही तिन्ही क्रियापदं पूर्ण झालेली आहेत. मराठीतला ‘-ला, -ली, -लं’चा भूतकाळ दार लावून घेतो. तीच घटना अशी लिहा:

तुकोजी कमरेचा खंजीर उपसतो आणि रघूच्या उजव्या खांद्याच्या रोखाने झेपावतो. पण ओल्या वाळूत त्याचा डावा पाय घोट्यापर्यंत रुतलाय.

आता रघूच्या हातात चार वाटा आहेत. तो वार खाऊ शकतो, चुकवू शकतो, रुतलेल्या पायाचा फायदा घेऊ शकतो किंवा मध्ये वल्हं आडवं घालू शकतो. रुतलेला पाय ही तुकोजीने स्वतःहून दिलेली फट आहे. जाणता खेळाडू प्रत्येक हल्ल्यात अशी एखादी फट ठेवतो.

म्हणून ग्रुपने पोझसाठी साधा वर्तमानकाळ धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःच्या पात्रापुरता भूतकाळ चालतो (‘तुकोजी दमलाय, त्याने सकाळपासून पाणी प्यायलं नाही’), पण दुसऱ्याच्या अंगाला लागणारी क्रिया अर्ध्यावर थांबवायची. मात्र दर ओळीत ‘प्रयत्न करतो’ लिहू नका. ‘धरण्याचा प्रयत्न करतो, ओढण्याचा प्रयत्न करतो’ असं चारदा आलं की वाचणारा कंटाळतो. हालचालच वाटेत सोडा: ‘हात मनगटाकडे जातो’, ‘दोर फेकतो, तो गंगूच्या पायाशी येतो’.

वर्तमानकाळाचा आणखी एक फायदा जुन्या मड-प्रकारच्या खेळांत कळतो. तिथे इमोटची, म्हणजे पात्राची कृती लिहायची, आज्ञा दिली की यंत्र तुमच्या पात्राचं नाव आपोआप पुढे लावतं आणि मग एक जागा सोडून तुमचा मजकूर. तुम्ही ‘खंजीर काढतो’ लिहिलंत की ‘तुकोजी खंजीर काढतो’ असं नीट उमटतं. पण ‘ने खंजीर काढला’ लिहिलंत तर ‘तुकोजी ने खंजीर काढला’ असा तुटका प्रत्यय दिसतो. टायनीमड या जुन्या मडच्या घराण्यातल्या खेळांत यावर उपाय आहे: अपूर्णविरामाने सुरू केलेली पोझ जागा सोडते, अर्धविरामाने सुरू केलेली जोडून लागते. अर्धविराम टाकून ‘ने’ लिहिलंत तर ‘तुकोजीने’ असं सलग येतं. नवख्यांची दुसरी चूक म्हणजे नाव पुन्हा टाइप करणं. मग ‘तुकोजी तुकोजी येतो’ असं उमटतं. यातले बरेच जुने खेळ देवनागरी घेतही नाहीत. जे घेतात तिथेही मर्यादा बाइटमध्ये मोजली जात असेल तर जपून, कारण यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या संगणकी पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. ‘क्षत्रिय’ हा तीन अक्षरी शब्द आतून आठ चिन्हांचा आणि चोवीस बाइटचा होतो. डिस्कॉर्डवर एका मेसेजला 2000 चिन्हं मिळतात. मात्रा आणि हलन्त वेगळे धरले जातात, त्यामुळे डोळ्यांना वाटतं त्यापेक्षा जागा लवकर संपते. पोझ मधेच तुटण्यापेक्षा मुळात आखूड लिहिलेली बरी.

अंगाला हात न लावताही हा नियम मोडतो. ‘रघूच्या डोळ्यांतली भीती तुकोजीला दिसली’ हे वाक्य निरुपद्रवी वाटतं, पण रघू घाबरला हे तुकोजीनेच ठरवून टाकलं. ‘गंगू हसली की कोणाचंही काळीज हलतं’ हेही तसंच. त्याऐवजी जे बाहेरून दिसतं तेवढं लिहा: ‘तुकोजी रघूच्या डोळ्यांत रोखून बघतो, तिथे भीती आहे का ते शोधत.’ मग रघूने ती दाखवायची की नाही, ते रघूने पाहावं. मराठीत भावना ‘त्याला राग आला’, ‘तिला लाज वाटली’ अशी चतुर्थीत येते. दुसऱ्याच्या पात्राला तुम्ही ‘त्याला’ किंवा ‘तिला’ लावून पुढे भावना लिहिताय असं दिसलं की तिथेच थांबा.

आणि मनातला टोमणा. ‘तुकोजी काही बोलत नाही, पण मनात म्हणतो, ही बाई एक नंबरची खोटारडी.’ गंगूचं पात्र हे ऐकू शकत नाही, म्हणून उत्तरही देऊ शकत नाही. गंगू खेळणारी मात्र ते वाचते. ही मागच्या दाराने दिलेली शिवी आहे, आणि तुमच्या दुसऱ्या भांडणात बहुधा असलं काहीतरी असणार. पात्राच्या मनात राग असेल तर तो जबडा आवळण्यातून, पाठ फिरवण्यातून, हातातलं जाळं आपटण्यातून बाहेर आणा. त्याला गंगू उत्तर देऊ शकते.

लढाईत कोणी हरायलाच तयार नसेल तर काय करायचं, ते सिंधुदुर्गातल्या माणसाला दशावतारावरून चटकन कळेल. दशावताराला छापील संहिता नसते. आख्यान कोणतं, राजा कोण, राक्षस कोण, कुठल्या प्रवेशात काय घडायचं, एवढं आधी आपसात ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे सुचत जातात. राक्षसाचं काम करणारा नट राजाला हवं तेवढं डिवचतो, पण राजाचं उत्तर स्वतः देऊन टाकत नाही. शेवटी कोण पडणार हे दोघांना ठाऊक असतं, म्हणून तर युद्ध मोकळेपणाने रंगतं. तुम्हीही मोठ्या झटापटीआधी बाहेर दोन ओळींत ठरवा: कोण जिंकतं, हरणाऱ्याचं किती नुकसान होतं, जीव जातो की नाही. ठरत नसेल तर फासे. दोन सहाबाजूंचे फासे दोघांनी टाकावेत, मोठी बेरीज जिंकते, बरोबरी झाली तर दोघांचंही अर्धवट साधतं. डिस्कॉर्डवर फाशांचे बॉट मिळतात, त्यातला एक घ्या. फासे पडल्यावर परिणाम लिहिण्याचा मान हरणाऱ्याचा. आपली हार आपल्या शब्दांत लिहायला मिळाली की ती फारशी बोचत नाही, आणि बहुतेक वेळा हरणारा जिंकणाऱ्याच्या कल्पनेपेक्षा मोठी हार लिहितो. पात्राचा मृत्यू मात्र फाशांवर सोडू नये. तो ज्याचं पात्र त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय होत नाही. अपवाद एकही ठेवू नका.

हे बाहेरचं बोलणं करायला वेगळी जागा लागते. डिस्कॉर्डवर ‘रंगपट’ नावाचं चॅनेल काढा. पात्रांच्या बोलण्याला आयसी (इन कॅरेक्टर) आणि खेळणाऱ्यांच्या बोलण्याला ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात हे तुम्हाला माहीत असेलच. ओओसी ते सगळं रंगपटात. प्रवेश चालू असताना अगदीच गरज पडली तर दुहेरी कंसात एक ओळ, ((अशी)), आणि लगेच परत. प्रवेशात तीन-चार दुहेरी कंस लागोपाठ आले की वाचणाऱ्याची तंद्री मोडते.

रंगपटात कळलेली गोष्ट पात्राला कळलेली नसते. तुकोजी फितूर आहे हे तुम्ही त्याच्या खेळाडूकडून ऐकलं असेल, पण तुमच्या पात्राने ते कुठल्याच प्रवेशात पाहिलं-ऐकलं नसेल, तर त्याने तुकोजीवर विश्वास ठेवायचा. याला मेटागेमिंग म्हणतात. डिस्कॉर्डवर कुजबुजसुद्धा सगळ्यांना दिसते, त्यामुळे ही चूक नकळत होते. सोपा उपाय म्हणजे पोझ टाकण्याआधी एकच प्रश्न विचारा: हे माझ्या पात्राला कोणी, कुठे सांगितलं? उत्तर सापडलं नाही तर ओळ काढा. खरंच गुप्त काही असेल तर दोघांपुरता वेगळा खाजगी धागा काढा.

आता पाळी. सहाही जण एकाच प्रवेशात असतील आणि प्रत्येकाला सात मिनिटं लागत असतील, तर एक फेरी बेचाळीस मिनिटांची होते. एवढा वेळ कोणी फोनकडे बघत बसत नाही. लोक इकडेतिकडे जातात, परत येऊन वरवर वाचतात आणि विसंगत पोझ टाकतात. म्हणून चारपेक्षा जास्त जण झाले की दोन जागा करा, दोघं-तिघं धक्क्यावर आणि बाकीचे गलबतावर. तीन जणांत क्रम पक्का ठेवावा. चार जण असतील तर पक्क्या क्रमाऐवजी असं ठरवा की तुमच्यानंतर निदान दोघांच्या पोझ आल्याशिवाय पुन्हा लिहायचं नाही. दोघांच्या पोझ एकमेकींवर आदळल्या तर आधी पोचलेली राहते आणि नंतरच्याने आपली बदलायची. आणि एकदा कोणी तुमच्या पोझवर उत्तर दिलं की ती संपादित करायची नाही, शुद्धलेखनापलीकडे एक शब्दही नाही. खालचा मजकूर त्या वाक्यावर उभा असतो.

पोझची लांबी समोरच्याच्या मानाने ठेवा. सगळे ऑनलाइन असलेल्या जिवंत प्रवेशात साठ ते शंभर शब्द पुरतात. दिवसाला एक-दोन पोझ अशा संथ प्रवेशात दीडशे-दोनशे. चार ओळींना उत्तर म्हणून चारशे शब्दांचं समुद्रवर्णन आलं की समोरचा दबून जातो. त्यात तुकोजीने आठ वाक्यं बोलून टाकलेली असतात आणि रघूला पहिल्या वाक्याला मधेच उत्तर द्यायची सोय राहत नाही. म्हणून एका पोझमध्ये एकच प्रश्न, एकच कृती. आणि शेवटी दोर टाका. होडी धक्क्याला लागताना तांडेल दोर फेकतो आणि वरचा माणूस तो झेलतो, तसं पोझच्या शेवटी समोरच्याला धरता येईल असं काहीतरी हवं: प्रश्न, नजर, पुढे केलेला हात, खाली पडलेली वस्तू. ‘गंगू विचारात गढून समुद्राकडे बघत राहते’ अशी पोझ सुंदर असेल, पण तिला धरायचं कुठे?

लाईट आणि नेटवर्क हा आपल्या किनाऱ्यावर शिष्टाचाराचाच भाग आहे, विशेषतः जून ते सप्टेंबर. प्रत्येकाने आपल्या पात्राचं एक गैरहजेरीचं वाक्य आधीच लिहून पिन केलेल्या मेसेजमध्ये ठेवावं: ‘गंगू टोपली पालथी घालून तिच्यावर बसते आणि जाळं विणत राहते.’ खेळाडू मधेच गायब झाला तर जिवंत प्रवेशात वीस मिनिटं थांबा, संथ प्रवेशात तीन दिवस. मग ते वाक्य लागू करा आणि पुढे जा. त्या स्थितीतल्या पात्राला कोणी मारत नाही, लुटत नाही, पळवत नाही, त्याच्याकडून कबुली घेत नाही. लाईट जाणार अशी चिन्हं असतील तर ((लाईट)) एवढा एक शब्द टाकून ठेवला तरी पुरे. परत आल्यावर फोनमध्ये अडकलेली जुनी पोझ घाईने पाठवू नका, आधी वर जाऊन सगळं वाचा. गणपतीत आणि शिमग्यात सरळ सुट्टी जाहीर करा. चाकरमानी गावाला येतो तेव्हा त्याच्याकडे खेळायला वेळ नसतो, आणि त्याला ते समजावून सांगावं लागू नये.

तू आणि तुम्ही. कथेत किल्ल्याचा अधिकारी खलाशाला ‘अरे’ म्हणणारच, आणि खलाशी त्याला ‘सरकार’ म्हणणार. पण रंगपटात आल्याबरोबर ते खाली ठेवायचं. वेंगुर्ल्याच्या पन्नाशीच्या बाईंना देवगडचा कॉलेजातला मुलगा कथेत ‘ए गंगू’ म्हणत असेल, तर दुहेरी कंसात त्या ‘ताई’ किंवा ‘काकी’ आणि ‘तुम्ही’. हा बदल प्रत्येक वेळी दिसला पाहिजे, कारण पात्राचा उद्धटपणा खेळाडूचा नाही याची खूण तीच आहे.

लिंगाचंही आपल्या भाषेत लपत नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे लिहावंच लागतं. पुरुष स्त्रीपात्र खेळतो, स्त्री पुरुषपात्र खेळते, आणि एखाद्या ओळीत गफलत होते. त्यावर टिप्पणी करायची नाही आणि ‘खरं काय आहात तुम्ही?’ असं विचारायचं नाही. पोझ तृतीयपुरुषी ठेवली (‘गंगू येते’) की गफलत कमी होते. दशावतारात स्त्रीभूमिका पुरुष करत आले आहेत आणि प्रेक्षक ती भूमिका म्हणूनच बघतात. तीच नजर इथे ठेवायची.

मालवणीबद्दल. ज्याला येते त्याने जरूर वापरावी, पण पूर्ण वाक्यात: गंगू खडसावते, ‘खंय होतंस इतको वेळ? होडी कधीच इली.’ ज्याला येत नाही त्याने साध्या मराठीत लिहून ‘मालवणीत म्हणते’ एवढी जोड द्यावी. दर वाक्यात एक ‘खंय’ आणि एक ‘मेल्या’ पेरला की पात्र माणूस राहत नाही, नक्कल होते. शिव्यांचं तर वेगळंच. मित्रांत लाडाने दिलेली शिवी आवाजामुळे गोड लागते. मजकुरात आवाज नसतो, उरते फक्त शिवी.

इतिहासाच्या चुका होतील. 1665च्या मालवणात कोणी चहा पिईल, कोणी ऐन आषाढात गलबत समुद्रात लोटेल. चहाची चूक लहान आहे, ती सोडून द्या, फार तर पुढच्या पोझमध्ये तुमच्या पात्राच्या हाती ताकाचं भांडं द्या. गलबताची मोठी आहे, कारण पावसाळ्यात बंदर बंद असतं, गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारलेली असतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरत नाहीत. अशा वेळी रंगपटात उपायासकट सांगा: ‘हा प्रवेश आश्विनात नेऊ या का? पहाटे मतलई वाऱ्यावर निघतील.’ नुसती चूक दाखवली की भांडण, वाट दाखवली की कथा सुधारते. चालू प्रवेशात इतिहासाचा तास घ्यायचा नाही. शिवाजी महाराजांसारखी व्यक्ती कोणी पात्र म्हणून खेळू नये, हेही ठाम सांगतो. एक कारण आदराचं आहेच. दुसरं खेळाचं: ज्याच्या हाती तो अधिकार येईल त्याच्यापुढे बाकी पाच जणांना ‘जी महाराज’ म्हणण्यापलीकडे काही उरत नाही. त्यांचा हुकूम पत्राने यावा, एवढं पुरे. जात किंवा धर्म यावरून केलेला अपमान ‘त्या काळी असंच होतं’ म्हणून खपवू नका. तो वाचणारा माणूस आजचा आहे.

ग्रामदैवतांचीही तीच गोष्ट. गाऱ्हाणं घालायचा प्रवेश उत्तम होऊ शकतो, सगळ्यांनी मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला प्रत्येकाला पोझ मिळते. पण खऱ्या गावच्या खऱ्या देवाच्या तोंडी संवाद घालू नका. कथेपुरतं एखादं काल्पनिक गाव आणि त्याचा राखणदार निर्माण करा.

आपल्याकडे आडनावात गाव असतं, हे नावं ठेवताना ध्यानात घ्या. खेळाडूचं खरं ‘-कर’ आडनाव आणि वय कळलं की त्याचं घर शोधायला किनाऱ्यावर दोन फोन पुरतात. म्हणून खात्याला टोपणनाव ठेवा आणि रंगपटात एकमेकांचं खरं आडनाव उच्चारू नका. खलनायकाला लहान गावावरून पडलेलं आडनावही देऊ नका. तिथली चार-पाच घरं खरीच असतात.

सुरुवातीलाच दोन गोष्टी ठरवा, वेस आणि पडदा. वेस म्हणजे जे कथेत येणारच नाही. लहान मुलांवरचा अत्याचार आणि बलात्कार हे दोन तर न विचारता वेशीबाहेर. पडदा म्हणजे जे घडतं पण दाखवलं जात नाही: छळ, प्रसूती, शृंगार. प्रत्येकाने आपली यादी नियम सांभाळणाऱ्याला खाजगीत द्यावी, आणि त्याने सगळ्यांची मिळून एकच बिननावी यादी लावावी, म्हणजे कोणाला कशाचा त्रास होतो हे उघड होत नाही. खेळताना अचानक काही नको झालं तर जॉन स्टाव्ह्रोपोलोस यांनी टेबलावरच्या खेळासाठी काढलेल्या एक्स-कार्डाची रीत वापरा: कोणीही ((एक्स)) लिहिलं की तो धागा तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. ‘का?’ हा प्रश्न आला की पुढच्या वेळी कोणी एक्स टाकत नाही. शृंगाराचे प्रवेश फक्त प्रौढांत आणि दोघांनी स्पष्ट हो म्हटल्यावर. डिस्कॉर्डवर तेरा वर्षांपासून खातं काढता येतं, आणि भारतात 2012च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. समोरच्याचं वय माहीत नसेल तर तो प्रवेश होत नाही.

कोणी नियम मोडला तर आधी खाजगीत, आणि नेमकं त्या वाक्याबद्दल बोला. ‘तू नेहमी असंच करतोस’ याला उत्तर नसतं. असं लिहा: ‘तुकोजीच्या मागच्या पोझमध्ये गंगूचा हात पिरगळला गेलाय. तिथे “मनगट धरायला जातो” असं कराल का? पुढचं मी लगेच लिहिते.’ दहांतले आठ जण तेवढ्यावर बदलतात. दुसऱ्या वेळी नियम सांभाळणाऱ्याला सांगा, तिसऱ्या वेळी त्या माणसाला प्रवेशातून बाहेर ठेवा. कडाक्याच्या भांडणाचा प्रवेश संपला की दोघांनी रंगपटात एकेक ओळ टाकावी: ‘मजा आली, तुमचं ते जाळं आपटणं झकास.’ तुमच्या ज्या दोघांचं बोलणं बंद आहे त्यांच्यात ही ओळ राहून गेली असणार. ती आत्ताही टाकता येईल. त्यांची पात्रं आठवडाभर वेगवेगळ्या जागी ठेवा आणि तोवर रंगपटात कथेच्या वादाविषयी कोणी निवाडा देऊ नका.

आता बुडालेली. ती बुडालेली नाही, कारण ढकलणाऱ्याला तसं लिहायचा अधिकारच नव्हता. लाईट गेल्याच्या क्षणापर्यंतच्या पोझ खऱ्या धरा. त्यानंतरच्या पोझ खोडू नका, डिस्कॉर्डवर त्या ओळींच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टाकल्या की मजकूर झाकला जातो. कोणी लिहिलेलं नष्टही होत नाही आणि डोळ्यांसमोरही राहत नाही. ज्याने ढकललं त्याच्याकडून माफीचा लांबलचक मजकूर मागू नका, ती पोझ नव्याने लिहून घ्या. त्याला गलबतावरची झटापट हवीच असेल तर ती अशी येईल: ‘रघू दोन्ही हात पुढे करून तिच्या अंगावर धावतो. गलबत डाव्या अंगाला कलतंय आणि डोलकाठीचा सुटलेला दोर दोघांच्या मध्ये लोंबकळतोय.’ पुढची पाळी तिची. तिला वाटलं तर ती पाण्यात पडेल, वाटलं तर दोर धरेल, आणि तिची पोझ येईपर्यंत बाकीच्या पाच जणांनी त्या गलबतावर काही लिहायचं नाही.